विस्कॉन्सिनच्या गोठ्यातला स्टेथोस्कोप

मी स्टेथोस्कोप बोलतोय. पण दवाखान्यात मिरवणारा नव्हे. मी गाईंचा. म्हणून माझी नळी लांब आणि अंगाला शेणाचा वास. त्याची मला बिलकूल लाज नाही.

मेक्सिकोतल्या तेपातित्लानमध्ये एवारिस्तो कासियास पशुवैद्य झाला, त्या दिवशी त्याच्या आईनं मला विकत आणलं. त्याच्या गळ्यात घालून म्हणाली, "आता गावातल्या गाई तुला विचारल्याशिवाय आजारी पडायच्या नाहीत!" धाकटी बहीण ओफेलिया फिदीफिदी हसली.

त्या वेळी मेक्सिको धरून तीन शेजारी देशांत व्यापाराचा करार होता. त्यात मका होता, मोटारी होत्या आणि शिकलेली माणसंही होती. इंजिनिअर, नर्स, पशुतज्ज्ञ अशांनी कामाचा व्हिसा घ्यावा, सीमेपलीकडे जावं आणि आपापलं काम करावं. विस्कॉन्सिनमधल्या एका डेअरीला गाईंच्या आरोग्यासाठी तज्ज्ञ हवा होता. एवारिस्तोला व्हिसा मिळाला. बॅगेत त्यानं मला सगळ्यांत वर ठेवलं.

डेअरीचा मालक वर्लिन. त्यानं पहिल्याच दिवशी एवारिस्तोच्या हातात रबरी एप्रन दिला. "एक माणूस कमी आहे. दोन दिवस धारा काढ, मग बघू."

दोन दिवसांची तीन वर्षं झाली आणि मी गोठ्यातल्या खिळ्यावर लोंबत राहिलो. वर्लिन तसा दुष्ट नव्हता हो. नाताळात सगळ्यांना चीज वाटायचा. पण माणसाला दोन हात असतात, एवढंच त्याला दिसायचं.

शेजारच्या रांगेत धारा काढणारे चेमाकाका रोज चिडवायचे. "काय डॉक्टर, आज कुठल्या सडाचं ऑपरेशन?" एवारिस्तो आधी हसायचा. पुढे हसणं बंद झालं.

"अरे, मग दुसरीकडे जा की," काका एकदा म्हणाले.

"व्हिसा या डेअरीच्या नावाचा आहे, काका. दुसरा मालक, दुसरा अर्ज. तोवर घरी बसायचं? आणि ओफेलियाच्या कॉलेजची फी कोण भरणार?"

काका पुढच्या गाईकडे वळले. मला मात्र खिळ्यावरून खाली उडी मारावीशी वाटली.

व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली, तेव्हा माणूस ठरलेलंच काम करतो का ते बघायला सरकारच्या व्हिसा खात्यातली एक बाई येणार होती. वर्लिननं मला काढलं, स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि एवारिस्तोला पांढरा कोट दिला. "हे गळ्यात घाल. रोज सगळा कळप तपासतो म्हणून सांग. तासाभराचा प्रश्न आहे. मग पुढची तीन वर्षं बिनघोर."

मी गळ्यात गेलो. दागिना झालो म्हणा ना. एवढा अपमान खिळ्यावरही झाला नव्हता.

बाई शांत होत्या. म्हणाल्या, "एखादी गाय तपासून दाखवता?"

एवारिस्तो एका मलूल गाईपाशी थांबला. मला कानांत घातलं, तिच्या डाव्या बरगड्यांवर टेकवलं आणि बाजूला बोटानं टिचकी मारली. टण्ण! रिकाम्या डब्यावर वाजावं तसं. मी मोहरून गेलो. हा आवाज ऐकायलाच तर माझा जन्म!

"हिचं पोट सरकलंय," तो म्हणाला. त्याचा असा आवाज मी विसरूनच गेलो होतो. "वायू भरलाय आत. आजच इलाज करायला हवा."

"तुम्ही डॉक्टर आहात, यात शंकाच नाही," बाई म्हणाल्या. वर्लिनचा चेहरा खुलला. काम फत्ते झालं होतं. निघता निघता बाईंनी विचारलं, "रोज किती गाई तपासता?"

उत्तर पाठ करून घेतलेलं होतं. एवारिस्तोचा हात माझ्या नळीवर घट्ट आवळला.

"रोज धारा काढतो," तो म्हणाला. "तपासली ती ही एकच. तीन वर्षांत पहिली."

वर्लिन मटकन बादलीवर बसला. बाई हळूच म्हणाल्या, "मग मुदत वाढणार नाही. कल्पना आहे ना?"

"आहे. पण त्या गाईकडे आजच बघा."

आम्ही तेपातित्लानला घरी आलो. आईनं समोर मक्याच्या गरम तोर्तिया वाढल्या. ओफेलिया मात्र भडकली. "तुला खरं बोलायचा झटका आला आणि कॉलेज माझं बुडलं! एक 'हो' म्हणायला काय झालं होतं?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती आता सकाळी अंडी खोक्यांत भरायच्या कारखान्यात जाते आणि संध्याकाळच्या वर्गाला बसते. दादाशी बोलणं तिनं टाकलंच होतं. त्याचं त्याला फार लागलं आणि मलाही.

परवा शेजाऱ्यांची गाय अडली. बोलवायला ओफेलिया आली. दारातच उभी राहिली. बघेना त्याच्याकडे.

"डॉक्टर, चला लवकर," एवढंच म्हणाली आणि स्वतःच बॅग उचलून पुढे चालू लागली.

एवारिस्तोनं डोळे पुसले आणि तो तिच्या मागे धावला. वासरू जगलं. मी आता चिखलानं माखतो, रात्री-बेरात्री उठतो आणि मजेत आहे. तुमच्याकडे परमुलखातून कुणी आपली विद्या घेऊन आलं, तर माझं एवढं ऐका. मला त्याच्या गळ्यात घालाल, तर त्याला कानांतही घालू द्या.