वस्तादांच्या पाठीची माती

रावजी वस्तादांच्या पाठीला उभ्या आयुष्यात माती लागली नव्हती. सोलापुरात ही गोष्ट ज्याला ठाऊक नसेल त्याला ते स्वतः सांगत, आणि ज्याला ठाऊक असेल त्यालाही सांगत. मोडनिंबचा हा गडी तरुणपणी अकलूजच्या मैदानात माढ्याच्या गुंडा पैलवानाला चीत करून गाजला, पुढे गिरणीच्या फाटकावर दरवान म्हणून लागला आणि पेठेतल्या तालमीचा वस्ताद झाला. पाठ टेकून पडायचं ते हरलेल्या माणसाने, अशी त्यांची पक्की समजूत. ती त्यांनी इतकी मनावर घेतली होती, की झोपतानासुद्धा ते पाठ टेकत नसत. मुक्ताबाईंनी लग्नापासून नवऱ्याला एक तर डाव्या कुशीवर झोपलेलं पाहिलं होतं, नाही तर उजव्या.

अशा माणसाची कंबर धरावी आणि ती सुटूच नये, हा दैवाचा निव्वळ चावटपणा होता. दुष्काळाच्या साली नळावरची घागर उचलताना पहिली कळ आली. लोकांना सांगताना घागरीची कुस्ती झाली आणि कळेची जुनी लचक झाली, पण दुखायचं ते दुखतच राहिलं. तेल चोळून झालं, विटेचा शेक झाला, पायाळू बाईचा पाय कंबरेला लावून झाला. दुष्काळ सरला, पाऊसपाणी झालं, तरी वस्तादांची कंबर काही नीट होईना. चपलेचा पट्टा लावायलाही मुक्ताबाईंनी खाली बसायचं, असे दिवस आले.

त्यात नागपंचमी दोन महिन्यांवर आली. त्या दिवशी तालमीच्या हौद्यात नव्या मातीची पूजा होई, मग वस्तादाने वाकून पहिली मूठ उचलायची आणि पैलवानांच्या कपाळाला लावायची, हा रिवाज. गेल्या वर्षी ती मूठ निंगप्पाने उचलून वस्तादांच्या हातात दिली होती. हा निंगप्पा तालमीच्या पंचांपैकी एक, चादरींचा व्यापारी, बोलायला मोठा गोड.

"वस्ताद," तो यंदा म्हणाला, "माती दुसऱ्यानं उचलायची म्हंजे वस्तादबी दुसराच बगावा लागंल की."

हे रावजींच्या जिव्हारी लागलं. तालीम गेली तर त्यांच्याजवळ गिरणीचं फाटक आणि मिशा, एवढंच उरणार होतं. दुसऱ्याच दिवशी ते मुकाट्याने मुक्ताबाईंच्या मागे मोठ्या दवाखान्यात गेले.

तिथे व्यायाम शिकवायला रत्नम्मा नावाची बाई होती. अक्कलकोटकडची, मुंबईत शिकून आलेली, वयाने वस्तादांच्या लेकीएवढी. तिने कंबर चाचपली आणि सांगितलं, की हाड शाबूत आहे, स्नायू आखडलेत, रोज व्यायाम केला तर वाकता येईल. व्यायाम म्हटल्यावर वस्तादांची छाती फुगली. मग रत्नम्मा म्हणाली, "पाठीवर उताणं झोपायचं. एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा. मग पाय टेकून कंबर वर उचलायची."

वस्तादांची छाती होती तिथे आली.

"करता ना रोज?" ती दर मंगळवारी विचारी.

"करतो की. चुकत न्हाई."

करत होते ते जोर आणि बैठका, तेही दार लावून. त्यामुळे दर मंगळवारी ते आधीच्या मंगळवारपेक्षा जास्त वाकडे चालत येत. रत्नम्माला हे कोडं उलगडेना. एके दिवशी ती म्हणाली, "पैलवान, माझ्यासमोर करून दाखवा बघू."

वस्ताद खाटेवर पालथे पडले. पालथं पडण्यात कमीपणा नव्हता. भलेभले मल्ल पालथे पडून डाव वाचवतात.

"आता उताणे व्हा."

वस्ताद हलले नाहीत. रत्नम्माने दंडाला हात घातला. तेवढ्याने वस्तादांच्या अंगात जुनी सवय जागी झाली. त्यांनी कोपर फाकवले, छाती खाटेत रुतवली आणि मान आत घेतली. मग फुलाबाई आया मदतीला आली. फुलाबाईने आजवर कितीतरी जडशीळ पेशंट एका हिसक्यात उलटे केले होते. दोघींनी जोर लावला. खाट सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली, पण वस्ताद काही उलटले नाहीत. रांगेत बसलेले लोक आपापलं दुखणं विसरून बघत राहिले.

"बाई, उगा दमू नगा," मुक्ताबाई दारातून म्हणाल्या. "ते उलटायचे न्हाईत. पाठ टेकली की इज्जत गेली, असं हाय त्यांचं. लग्नात अंतरपाट धरला तवाच मला कुनी सांगायला पायजे हुतं."

रत्नम्माला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. मग फुलाबाईला बाहेर पाठवून तिने सगळं नीट विचारून घेतलं: कुस्ती कुठली, मैदान कुठलं, पाडलं कुणाला. गुंडा पैलवानाचं नाव निघाल्यावर ती म्हणाली, "माढ्याचे का? मिशी पिकलेली, एक कान कुस्तीत चुरगळलेला? ते शुक्रवारी येतात माझ्याकडे. पुढच्या खेपेला तुम्ही दोघं एकाच वेळी या."

त्या शुक्रवारी तीस वर्षांनी दोन मल्ल समोरासमोर आले, दोघेही कंबरेवर हात ठेवून. गुंडाने रामराम केला, सतरंजी अंथरली आणि सरळ उताणा होऊन गुडघा पोटाशी घेतला. रावजींनी मान फिरवली. ज्याला आपण एवढ्या लोकांदेखत पाडलं, तो असा कुणी न पाडता पडलेला बघणं त्यांना बरं वाटेना.

"लाज न्हाई वाटत लेका?" ते हळूच म्हणाले.

"पयल्यांदा वाटली," गुंडा छताकडे बघत म्हणाला. "अकलूजला. तू छातीवर बसला हुतास तवा. नंतर लई जणांनी पाडलं, मग सवय झाली. रावजी, तुजं नुकसान झालंय ते मी सांगू का? तुला पडायला कुनी शिकवलंच न्हाई."

"मला काय गरज पडली?"

"आता पडली की. आन ह्यो कंबर उचलायचा परकार हाय न्हवं, तो पडायचा न्हाईच. खाली गेलेला गडी खांदं टेकू नयेत म्हून हेच करतो. तू कधी खाली गेलाच न्हाईस, तुला काय ठावं."

हे मात्र वस्तादांना पटलं. पण दवाखान्यात, फुलाबाईच्या देखत, पाठ टेकणं शक्य नव्हतं. गुंडा पेठेतच लेकीकडे उतरला होता. ठरलं असं, की दुपारी, तालमीची सगळी पोरं गिरणीत पाळीवर असताना, दोघांनी हौद्यात उतरायचं.

गुंडाने दाराला कडी घातली. वस्ताद लंगोट लावून मातीत उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

"पड की," गुंडा म्हणाला.

"आपनहून न्हाई पडता येत रं," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "तू पाड मला."

गुंडाने मानेला हात घातला, कंबर धरली. एवढी सावकाश कुस्ती त्या हौद्याने पाहिली नसेल. एक म्हणे, "हळू, हळू," दुसरा म्हणे, "माजीबी कंबर हाय." कण्हत, थांबत, एकमेकांना सावरत दोघे अखेर खाली गेले, आणि रावजी वस्तादांची पाठ मातीला टेकली.

काहीच झालं नाही. माती गार होती. वर पत्र्याला बारीक बारीक भोकं होती आणि त्यांतून ऊन येत होतं. इतकी वर्षं या तालमीत घालवून वस्तादांनी ती कधी पाहिली नव्हती. आणि त्या घागरीनंतर पहिल्यांदाच कंबर अशी सैल झाली, की त्यांना एकदम हायसं वाटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. गुंडाने ते पाहिलं आणि पत्र्याकडे बघत राहिला.

मग रोजची दुपार ठरून गेली. एकटे असते तर वस्तादांनी तिसऱ्या दिवशीच टाळाटाळ केली असती. पण शेजारी गुंडा कंबर उचलून धरी, आणि गुंडाच्या आधी आपली कंबर खाली आलेली त्यांना कशी चालेल? झाल्यावर दोघे एकमेकांच्या पाठीची माती झाडून देत. स्वतःच्या पाठीवर हात पोहोचण्याइतकी दोघांपैकी कुणाचीच कंबर सुधारली नव्हती.

नागपंचमीला दोघे पहाटेच येऊन व्यायाम करत होते. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. निंगप्पा पूजेचं ताट आणि सगळी पेठ घेऊन ठरल्या वेळेच्या आधीच आला होता. घाईत फेटा सापडला, धोतर सापडलं. माती झाडायची राहून गेली.

पूजा झाली. निंगप्पा मूठ उचलायला पुढे झाला, तोच वस्ताद खांद्यावरचं उपरणं काढून उघड्या अंगाने हौद्यात उतरले आणि वाकले. गुडघ्याला हात न लावता, कुणाचा आधार न घेता, थेट मातीपर्यंत वाकले. माणसांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि तसेच धरले. कारण वस्ताद वाकले तशी त्यांची पाठ सगळ्यांसमोर आली, आणि ती खांद्यापासून कंबरेपर्यंत लाल मातीने माखली होती.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"वस्ताद," निंगप्पा गोड आवाजात म्हणाला, "पाठीला माती कशाची?"

वस्ताद मूठभर माती घेऊन उभे राहिले. एक थाप मारली असती तर खपली असती; थापा मारण्यात ते काही कच्चे नव्हते. पण कंबर दुखत नव्हती, आणि तिच्याशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"उताना पडलो," ते म्हणाले. "रोज पडतो. पडलो म्हून आज वाकलो."

"पाडलं कुनी?" मागून कुणीतरी विचारलं. सगळ्यांच्या नजरा गुंडाकडे गेल्या. माढ्याच्या म्हाताऱ्याने नुसतं 'व्हय' म्हटलं असतं, तर अकलूजची ती कुस्ती आज फिटली असती. गुंडा उठला, सदरा वर केला आणि लोकांकडे पाठ केली. तीही तेवढीच लाल होती.

"बरोबरीत सुटली," तो म्हणाला.

वस्तादांनी मुठीतली पहिली माती त्याच्या कपाळाला लावली, मग पोरांच्या. त्या दिवशी नवा वस्ताद बघायचा विषय कुणी काढला नाही. निंगप्पाने तेवढं निघताना, कुणी ऐकत नाहीसं पाहून, स्वतःची कंबर दाबत, मंगळवारी दवाखाना किती वाजता उघडतो ते वस्तादांना विचारून घेतलं.

त्या मंगळवारी मुक्ताबाई एकट्याच रत्नम्माकडे आल्या. डोळे तारवटलेले होते.

"बाई, तुमचे लई उपकार हायती," त्या म्हणाल्या. "चप्पल सोता घालत्यात, दुपारचा व्यायाम चुकवत न्हाईत. पर आता घरातबी उतानेच झोपत्यात, आन घोरत्यात असं की शेजारची मानसं उठून बसत्यात. त्यास्नी परत कुशीवर वळवायचा एखादा व्यायाम असंल तर द्या की."