डोक्यावर शेंगदाणा

मी हेल्मेट बोलतोय. जन्मभर माणसांच्या कानांवर बसलो, पण माझं म्हणणं काही कुणाच्या कानात शिरलं नाही. म्हणून आज जरा मोठ्यानंच बोलतोय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. साच्यातून निघालो, पोटात मऊ गाद्या बसल्या, खोक्यात घातलं तसा डोळा लागला. उघडला तो एकदम वागाडुगू शहराच्या बाजारात, इसूफ लेंगानेच्या टपरीत, खिळ्यावर. माझा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा आणि घाट थोडा लांबोळका. देवानं आणि कारखान्यानं मिळून थट्टाच केली म्हणायची. त्यात इसूफ पडला बिसा जमातीचा. बिसा माणूस शेंगदाण्यासाठी बायको गहाण टाकेल, असं इथं शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. त्यानं मला दर्शनी खिळ्यावर टांगलं आणि रोज सकाळी बाहीनं पुसायला लागला. गिऱ्हाईक यायचं, मला बघून खुदकन हसायचं आणि दुसरं घेऊन जायचं.

अशात एके दिवशी पेलाजी बातिओनो आली. अंगानं भरदार, नाकावर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा. जातीची गुरुन्सी. आता बिसा आणि गुरुन्सी म्हणजे पिढीजात थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, टोचायचं, आणि रागवायचं मात्र नाही. रागावला तो हरला.

"ये गं माझे गुलामे," इसूफ म्हणाला. "पळून गेली होतीस, आली का परत?"

"मालकीण आपला माल बघायला आलीय," ती म्हणाली. "आधी तोंड पूस, साल चिकटलीय शेंगदाण्याची."

मग बसून तिनं काम सांगितलं. तिची लेक एडविज बाळंत झाली होती. पहिलीच नात. शुक्रवारी दवाखान्यातून घरी येणार, आणि घरातली पहिली अंघोळ. पेलाजीचं म्हणणं असं, की पहिली अंघोळ जिच्या पायांवर होते ती खरी आजी, दुसरी नुसती पाहुणी. आणि ती दुसरी, म्हणजे विहीणबाई फिलोमेन, लेकीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायची. पेलाजी शहराच्या या टोकाला. तिनं हौसेनं मोटारसायकल घेतली होती, शिकलीही होती, पण लेकीनं बजावलं होतं, हेल्मेट नसेल तर गाडीला हात लावायचा नाही. नातीची शपथ घातली होती.

इसूफनं तिच्या डोक्याकडे एकवार बघितलं आणि मला खिळ्यावरून उतरवलं. "हा घे. चष्म्यासकट घालून बघ. कानापाशी गादीत खाच आहे, दांडी सरळ आत जाते. घटकाभर घालून बस इथंच. कानावर टोचलं तर घेऊ नकोस."

शहाण्या माणसाचं बोलणं होतं ते. पण बिसाच्या तोंडून गुरुन्सीला सांगितलेली गोष्ट खरी कोण मानणार? पेलाजी तोंडावर हात धरून हसली. "वा रे गुलामा. गुरुन्सी बाई डोक्यावर शेंगदाणा घालून गावभर फिरेल, आणि तुझी जात टाळ्या पिटेल. तो निळा काढ."

"निळा लहान आहे. तुझं डोकं मोठं आहे गं."

"अक्कल आहे आत. तुला काय कळणार?"

तो पोटतिडकीनं सांगत होता, ती टोमणा समजून परतवत होती. मी इसूफच्या हातात तडफडत होतो. शेवटी तिनं चष्मा काढून पिशवीत टाकला, निळा डोक्यात कोंबला आणि आरशात बघितलं. चष्म्यावाचून तिला दिसलं काय, तर निळाईचा एक गोड ढग. "बघ, किती छान दिसतोय," म्हणाली, आणि गेली घेऊन.

पुढची हकिगत मला निळ्यानंच सांगितली. शुक्रवारी सकाळी ती निघायला गेली तर चष्मा आत शिरेना. दांडी रेटली, ती कानामागे सुरीसारखी रुतली. चष्मा आधी घालून वरून निळा ओढला, तर चष्मा हनुवटीवर आला. उशीर होत होता. फिलोमेन पाणी तापवत असेल, हे डोळ्यांपुढे दिसत होतं. बाकी चष्म्यावाचून काहीच दिसत नव्हतं. तिनं चष्मा पिशवीत टाकला आणि गाडी काढली. बैलगाडीच्या चालीनं चालली. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, आणि ही समजली की नव्या हेल्मेटाचं कौतुक चाललंय. हात हलवून सगळ्यांना नमस्कार करत गेली.

लेकीच्या घराचं फाटक हिरवं. एक गल्ली आधीच तिला हिरवं फाटक दिसलं. आत शिरली. अंगणात बायका होत्या, घंगाळात पाणी होतं, चटईवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हिनं सरळ पाटावर बैठक मारली, पाय पसरले, ते गाठोडं उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती ऊब आहे अंगाला." आणि मुका घेतला.

गाठोड्यात उकडलेले शेंगदाणे होते.

घर इसूफच्या चुलत बहिणीचं, आसेताचं. बिसांचं घर. गुरुन्सी बाईनं आपल्या पायांनी चालत येऊन शेंगदाण्यांचा मुका घेतला. बायका हसून हसून चटईवर लोळल्या. एकीला उचकी लागली, ती थांबेना. असा मासा गळाला लागल्यावर कोण सोडतं? आसेतानं फाटकाला कडी घातली, हेल्मेट कुठून घेतलं ते विचारलं आणि इसूफला फोन लावला: "तुझी गुलाम इथं धरलीय. सोडवायची तर ये."

इसूफ मला घेऊन धावत आला. पेलाजी पिशवीतला चष्मा घालून बसली होती. हसत होती, आणि डोळे पाण्यानं भरले होते. "फिलोमेननं एव्हाना तेल लावायला घेतलं असेल रे," ती हळूच म्हणाली. त्यात थट्टा नव्हती.

इसूफनंही थट्टा केली नाही. चष्मा काढायला लावून मला तिच्या डोक्यावर बसवलं, मग म्हणाला, "आता घाल." दांड्या माझ्या खाचांतून अशा सरकल्या, जसा हात खिशात जातो. तिनं मान हलवली. कुठं टोचलं नाही. "चावत नाही रे हा," ती म्हणाली.

"मग मी दुसरं काय सांगत होतो?"

"तू बिसा आहेस. मला काय ठाऊक, तू खरंही बोलतोस म्हणून."

आम्ही पोचलो तेव्हा फिलोमेनच्या पायांवर बाळ होतं आणि तांब्या उचललेला होता. बाळानं टाहो फोडला होता, कुणाला आवरत नव्हतं. पेलाजी घाईत मला न काढताच दारात उभी राहिली. बाळाचं तोंड माझ्याकडे वळलं आणि रडं तिथंच थांबलं. काढलं की पुन्हा सुरू. घातलं की गप्प. तीनदा करून बघितलं. शेवटी फिलोमेन कंटाळून म्हणाली, "घ्या विहीणबाई, तुमच्या टोपड्याची भक्त आहे ही." पेलाजीनं पाय पसरले. पहिली अंघोळ झाली ती हेल्मेट घातलेल्या आजीच्या पायांवर. माझ्या काचेवर शियाच्या बियांच्या तेलाची बोटं उमटली, ती कितीतरी दिवस मी पुसू दिली नाहीत.

नातीचं चर्चमधलं नाव मोठं आहे, घरी सगळे शेंगीच म्हणतात. पेलाजी त्या थट्टेत कायमची हरली, आणि तक्रार तिनं कधी केली नाही.

आता माझ्या काचेवर ओरखडे आहेत, गाद्या दबल्यात, एकदा जोरात आपटलोही आहे. मी निकामी झालो हे इसूफनंच सांगितलं, आणि या खेपेला तिनं ते लगेच मानलं. सध्या ओट्याखाली असतो, पोटात कोंबडी अंडी घालते. कालच शेंगीला पहिला चष्मा लागला. आजी तिला घेऊन हेल्मेट घ्यायला बाजारात निघाली, आणि जाता जाता म्हणाली ते मी स्वतः ऐकलं:

"तो बिसा टोमणा मारेल, हसू नकोस. तो सांगेल तेच घाल, चष्म्यासकट. आणि त्याच्याकडे शेंगदाण्याच्या रंगाचा आहे का, ते आधी विचार."