घंटाकाकांचं भूत आणि मखमली पिशव्या

वृद्धाश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या, स्वयंपाकघरातल्या बायका, सगळ्यांच्या माना वर! छताला धूर ओळखणारा सेन्सर होता आणि त्याच्या बरोब्बर खाली भूत बांधायला बोलावलेले शांतिबाबा डोळे मिटून उभे होते. एका हातात उदाचं भांडं, दुसऱ्या हातात पंखा.

"ये! असशील तिथून ये!" बाबा गरजले. पंखा जरा जोरात हलला, उदाचा लोट वर गेला आणि खरंच की हो, घंटा वाजायला लागली! वाजली कसली, किंचाळलीच. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. व्यवस्थापकांनी धावत जाऊन पेटीवरचं बटण दाबलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

"आला होता," बाबा म्हणाले. "आता बंधन घालतो."

शिडीवर चढून त्यांनी सेन्सरला लाल मखमली पिशवी घातली आणि नाडी आवळली. शेजारच्या, आगीवर पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोटीलाही लाल फडकं गुंडाळलं. मग पुन्हा ऊद, पुन्हा पंखा, पुन्हा गर्जना. घंटा चिडीचूप! टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळपर्यंत इमारतीतले झाडून सगळे सेन्सर मखमलीत गेले.

टाळी वाजवली नाही ती फक्त बाईंनी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई नवऱ्यासोबत याच मजल्यावर राहत. नवरा पोस्टमन. आयुष्यभर पायी टपाल वाटलं आणि आता कमरेखाली लुळा. त्याला खाली न्यायचं तर चौघं लागत.

आता हा 'आला होता' म्हणजे कोण? तर घंटाकाका. नोकरीत असताना शाळेची घंटा द्यायचे. इथे आले तरी हाताची खोड जाईना. पहाटे दारोदारी थापा मारून सगळ्यांना आंघोळीला उठवायचे आणि न्हाणीघराबाहेर पहारेकऱ्यासारखे उभे राहून ओरडायचे, "दार लावा! दार लावा रे मागे!" लोक वैतागायचे. गेल्या महिन्यात काका गेले, आणि गंमत अशी की ते गेल्यापासूनच आगीची घंटा सकाळी उठून ठणाणा करायला लागली. आग कुठेच नाही! तरी नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी खाली अंगणात जमायचं, चालता न येणाऱ्यांना चादरीत घालून न्यायचं. लोकांचा जीव मेटाकुटीला आला. 'काका मेले तरी उठवायचे थांबत नाहीत,' असं कुणीतरी हसत हसत म्हणालं आणि दोन दिवसांत त्यातलं हसू गळून पडलं.

पिशव्या चढल्यावर आठवडाभर घंटा वाजली नाही. व्यवस्थापक तर हवेतच होते, कारण अग्निशमन खात्याची तपासणी तोंडावर आली होती.

"बघा बाई, एकदाही वाजली नाही!"

"नाक दाबून धरलं तर वास कसा येईल? यात चमत्कार कसला?"

"तुमचं आपलं काहीतरीच. माणसं सुखाने झोपतायत."

"तेच म्हणतेय मी. झोपतायत, आणि उठवणारं कुणी नाही."

व्यवस्थापकांनी हसून विषय टाळला. बाईंना मात्र हसू येईना. रात्री शेजारच्या पलंगावर नवऱ्याचा श्वास ऐकत त्या पडून राहत. खाली इस्त्रीची खोली, वर जुन्या गाद्यांचा ढीग. उद्या खरंच काही पेटलं तर? त्यांना भीती वाटत होती.

"तू पळ हो खाली," नवरा अंधारात म्हणाला. "माझं काय, मी बसेन इथे पत्रं वाचत."

"गप्प बसा. काहीतरी अभद्र बोलू नका."

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळेला बाई बोळात न्हाणीघरासमोर खुर्ची टाकून बसल्या. एकेक जण कढत पाण्याने न्हाऊन येत होता आणि दार सताड उघडं टाकून जात होता. वाफेचे लोट बाहेर पडून छताखालून सरकत थेट त्या लाल पिशवीपाशी पोचत होते. बाई ताडकन उठल्या. अगं बाई! काका 'दार लावा' म्हणून बोंबलत होते, तोवर वाफ आत राहत होती. काका गेले, दार उघडं राहिलं. घंटा काकांमुळेच वाजत होती हो, पण ते आल्यामुळे नव्हे, गेल्यामुळे!

त्याच दुपारी बाबांची बैठक होती. बाईंनी चहाची विजेची किटली आणली आणि सगळ्यांसमोर इस्त्रीच्या खोलीतल्या धोबिणीला शिडीवर चढवून पिशवी काढायला लावली.

"अनर्थ होईल!" बाबा ओरडले.

"होऊ दे की. किटली तापायचा अवकाश."

किटलीच्या तोंडातून वाफ वर गेली आणि घंटा किंचाळली. बोळात एकच गलका झाला. व्यवस्थापकांनी पळत जाऊन बटण दाबलं.

"आले काका!" बाई म्हणाल्या. "माझ्या किटलीतून आले. मागच्या खेपेला उदाच्या भांड्यातून आले होते. ह्या सेन्सरला धूर आणि वाफ यातला फरक कळत नाही, इतकंच." मग त्यांनी पिशवी उलटी केली. आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर होतं. "बाबा, मंत्राने बंधन होतं, तर हे प्लॅस्टिक कशाला?"

बाबा सावरले. "ते... पावित्र्य टिकावं म्हणून!"

"बरं. आणि त्या तोटीत काचेची कुपी असते. आगीच्या उष्णतेने ती फुटते आणि पाणी सुटतं. तुम्ही तिला फडक्यात गुंडाळून ठेवलंत. असू दे, तुमचा भरवसा असेल तर आज रात्री आमच्या खोलीत झोपा. ह्यांच्या पलंगावर. पाय मी बांधते, म्हणजे ह्यांच्यासारखंच. पिशव्या राहू देत."

बाबांची नजर जिन्याकडे गेली. त्यांनी आपल्यासाठी तळमजल्यावर फाटकाजवळची खोली मागून घेतली होती, हे आता एकदम सगळ्यांना आठवलं. "आज माझं मौन आहे," असं मोठ्याने सांगून बाबा निघाले, ते सामान घेऊनच गेले.

खोलीतल्या पलंगावरून पोस्टमनची हाक आली, "अहो, आधी ती फडकी सोडा कुणीतरी!" व्यवस्थापक स्वतः शिडीवर चढले. कान लाल झाले होते बिचाऱ्यांचे.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी पिशव्यांचा ढीग पाहून कपाळावर हात मारला. न्हाणीघराच्या तोंडाशी धुराचा सेन्सर बसवणंच चूक होतं, असं त्यांनी सांगितलं. तो दूर हलवून घेतला, न्हाणीघराच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसली आणि मग सराव म्हणून घंटा वाजवली. लोक कुरकुरत निघाले. चौघांनी पोस्टमनला चादरीत घातलं आणि सांभाळून खाली आणलं. बाई शेजारून त्याचा हात धरून उतरत होत्या. अंगणात टेकवल्यावर तो ऊन खात म्हणाला, "टपाल पोचलं." बाईंना रडू आणि हसू दोन्ही एकदमच आलं.

स्वयंपाकीणबाई धापा टाकत होत्या. "बाई, पुन्हा उगाच वाजली तर? परत असंच उतरायचं?"

"हो, उतरायचं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी सगळ्यांनी खाली यायचं, ह्यांना घेऊन. मग का वाजली ते शोधायचं. कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला बोलवायचं. पण शोधायचा कंटाळा आला म्हणून तिचं तोंड बांधायचं नाही."