बापाशी बटई

मुखरू आलापल्लीच्या सागवान डेपोत दुसऱ्याची बैलगाडी हाकायचा. मजुरी मूल या गावाजवळच्या खेड्यात बापाकडे जायची आणि घरखर्चात जिरायची. स्वतःच्या बैलजोडीसाठी काही उरेना. म्हणून १९५३ साली त्याने एक गाभण गाय घेतली आणि बापाच्याच गोठ्यात बटईने बांधली. दूध-शेण घरचं, पहिलं वासरू मुखरूचं, दुसरं बापाचं. मजुरीतले पैसे पूर्वीसारखेच जात राहिले.

"बापासंग बटई!" गाव हसलं. "उद्या मायच्या हातचा भातही मोजून घेजो!"

दोन्ही वेळा गोऱ्हेच झाले. पहिला आता तीन वर्षांचा होता, जुंपण्याजोगा. तेवढ्यात बहिणीचं, कमळाचं लग्न ठरलं. बापाने निरोप धाडला, जास्तीचे पैसे लागतात. मुखरूने उलट कळवलं, जास्तीचे नाहीत. तेव्हापासून त्याला एकच धास्ती होती. बाप आपला गोऱ्हा विकणार. आणि बहिणीच्या लग्नासाठी विकला, तर तक्रार करायलाही तोंड राहणार नाही.

माघात तो घरी आला. गोठ्यात गाय एकटीच. शेजारची दोन्ही दावी मोकळी.

"माय, गोऱ्हे कुठी हायेत?"

"तुह्या बाले इचार. वावरात हाय."

मुखरू तसाच गाठोडं घेऊन निघाला. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत बाप, सोमाजी, एक ओंडका ओढवून घेत होता. जुवाच्या एका बाजूला घरचा म्हातारा बैल होता. दुसऱ्या बाजूला मुखरूचा गोऱ्हा.

मुखरू बांधावर मटकन बसला.

"बसतं काऊन? धर कासरा. शिकून राह्यला, पण डावीकडं ओढते अजून."

"मले वाटलं, इकला."

"लहाना इकला. तो माह्या वाट्याचा होता. लग्नाचं भागलं."

"अन् हा?"

"हा तुहा. गाव हसलं म्हणून मी बोली मोडू का? याचा जोडीदार मात्र तूच पाय."

संध्याकाळी मुखरूने गाठोड्यातून हिरवं लुगडं काढून बहिणीपुढे ठेवलं. कमळाने ते उलगडून पाहिलं.

"भाऊ, पुरं माह्यं, का बटईनं?"

"पुरं तुहं."

"पक्कं करून घे पोरी," सोमाजी म्हणाला. "याचा भरोसा नाई."

त्या दिवशी मुखरूने तीनदा भात मागून घेतला. कोणी मोजला नाही.