महाराजांनी चूळ भरली नाही

त्या दिवशी कुंभार पिंपळगावचा सगळा बाजार मंडपात शिरला होता. माणसं ट्रॅक्टरवर चढली होती, बाया लेकरं कडेवर घेऊन चवड्यांवर उभ्या होत्या. सोमेश्वर महाराज एका म्हाताऱ्याच्या पाठीला तोंड लावून चोखत होते. चोखता चोखता त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि थाळीत काळपट, लिबलिबीत गोळा पडला.

"ही बघा सडकी मज्जा! डॉक्टरच्या मशिनीत दिसती का ही? तो लाखाचं बिल फाडतो, हा फकीर फुकट काढतो!"

जयजयकार झाला. फुकट काढणाऱ्यापुढची पितळी घागर नोटांनी भरत चालली होती.

पुढे बिभीषण गुडघ्यांवर बसला होता. हात मागे बांधलेले, अंगात सदरा नाही. शेजारी सतरंजीवर त्याची धाकटी बहीण रेणुका आईला टेकून बसली होती. तिच्या हाडांतली मज्जा रक्त तयार करीनाशी झाली होती. कुठं खरचटलं तरी रक्त थांबत नसे. डॉक्टर म्हणाले होते, मज्जा बदलावी लागेल, आणि भावाची मज्जा तिला पूर्ण जुळली होती. दवाखान्यातल्या समाजसेविका प्रभावतीताईंनी ट्रस्टचे उंबरे झिजवून, सरकारी निधीचे अर्ज करून बिलाची सोय लावली होती. शहरात काही महिने राहण्या-खाण्यासाठी गावानं वर्गणी केली होती. ती सरपंच रामकिसनकडे होती.

वर्गणीची बातमी महाराजांच्या कानावर गेली आणि त्यांना लगेच दृष्टांत झाला. भावाच्या हाडात पिशाच बसलंय. त्याची मज्जा घातली तर पोरगी जाईल. आधी भावाचं पिशाच हाकलायचं, मग पोरीची मज्जा चोखून काढायची. वर्गणी घागरीत टाकायची.

बापानं, इंद्रभाननं, लेकापुढं हात जोडले होते. "एवढं सोस लेकरा. माझी पोरगी वाचंल." बापाचे जोडलेले हात बघवेनात, म्हणून बिभीषण बसला होता.

महाराजांनी साखळी उचलली आणि त्याच्या पाठीवर हाणली.

"नाव सांग!"

"बिभीषण."

"तुझं न्हाई, आतल्याचं सांग!"

पुन्हा साखळी. पुन्हा. कातडी फाटली, रक्त कमरेवरून खाली उतरलं. तो तोंडावर पडला, तसा शिष्यानं त्याच्या मानेवर पाय दिला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पिशाच निघून राह्यलं! अजून हाणा!" ओरडणारा शाळेत त्याच्या बाकावर बसायचा. पाठीच्या आगीपेक्षा ते जास्त झोंबलं.

महाराज दमले. शिष्यानं विडा दिला, तो त्यांनी तोंडात टाकला. एवढा वेळ तोंडाचा पट्टा चालला होता, तो एकाएकी बंद झाला. आता नुसत्या खुणा. रेणुकाची पाठ उघडी करा, अशी त्यांनी खूण केली आणि खिशातून ब्लेड काढलं.

रेणुका मागं सरकली. "महाराज, आधी चूळ भरा."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या, तशी ती पुढं म्हणाली,

"डॉक्टर म्हणले, मला कुणाचं उष्टं, कुणाची थुंकी चालत न्हाई. ताप आला तर मी मरंल. चूळ भरा, मंग लावा तोंड."

आई साखराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. महाराजांनी जोरात मान हलवली.

"भरा की महाराज," मागून एक बाई म्हणाली. "पाणीच हाय."

"व्हय, पोरगी बराबर बोलली!"

महाराजांनी तांब्याला लाथ मारली. तो साखराबाईच्या कपाळावर आदळला, ती कोसळली. शिष्यानं रेणुकाचा दंड धरून तिला फरफटत ओढलं.

बिभीषण कसा उठला ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. हात बांधलेले होते. त्यानं खाली मान घातली आणि कपाळानं महाराजांच्या जबड्यावर धडक दिली. दात कडकन वाजले. महाराजांच्या तोंडातून रक्त आलं, आणि रक्ताबरोबर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काळी पुरचुंडी धोतरावर पडली. आतून शेळीच्या काळजाचा तुकडा बाहेर आला.

क्षणभर सगळे त्या तुकड्याकडं बघत राहिले. मग सगळा मंडप उसळला. जयजयकार करणारेच महाराजांवर तुटून पडले. घागर लवंडली, शिष्य पळाला. इंद्रभाननं साखळी उचलली आणि महाराजांच्या डोक्यावर, तोंडावर हाणू लागला.

"अण्णा, सोडा! रेणूच्या नाकातून रक्त चाललंय!" बिभीषण बापाला ओरडला.

इंद्रभानला ऐकू येत नव्हतं. बिभीषण मधे आडवा पडला. पुढचा फटका त्याच्याच खांद्यावर बसला. तेव्हा कुठं बापाचा हात थांबला. त्यानं लेकाकडं पाहिलं, साखळी टाकली आणि पोरीला उचलून जीपकडं पळत सुटला. जालन्याच्या दवाखान्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट चढवल्यावर रक्त थांबलं.

महाराजांना पोलिसांनी दवाखान्यात नेलं, तिथून कोठडीत. पळालेला शिष्य सापडला आणि पोपटासारखा बोलला: काळीज बाजारातूनच घ्यायचं, विड्यात लपवायचं, गालात धरायचं, चोखताना दातानं प्लास्टिक फोडायचं. पाठ चोखून घेणारा म्हातारा रोजंदारीचा.

पण साखळीची किंमत रेणुकानं मोजली. बिभीषणच्या जखमा चिघळल्या. त्या भरेपर्यंत मज्जा काढता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते दिवस तिनं परक्यांच्या रक्तावर काढले. प्रभावतीताईंनी ट्रस्टकडून मुदत वाढवून घेतली. इंद्रभान वॉर्डाबाहेर बसून राहायचा, लेकाच्या नजरेला नजर देत नसे.

अखेर मज्जा चढली, आणि रुजली.

घरी परतल्यावर बिभीषण चावडीवर उभा राहिला. त्यानं सगळी लबाडी उलगडून सांगितली. मग म्हणाला, "मला हाणताना तुमच्यातल्या एकानंबी 'का?' म्हणून इचारलं न्हाई. आमच्या रेणूनं टोकलं, म्हणून ती वाचली. प्रभावतीताईला, डॉक्टरला आम्ही रोज इचारायचो. ते कधी चिडले न्हाईत, समजलं न्हाई तर पुन्हा सांगायचे. तुम्हीबी इचारा. डॉक्टरला इचारा, महाराजाला इचारा, मला इचारा. तुमची वर्गणी कुठं खर्चली तेबी इचारा."

 मग म्हाताऱ्या पुष्पाबाईनं चाचरत तोंड उघडलं. "मंग सांग लेकरा, बहिणीला दिल्यावर तुझी हाडं पोकळ झाली का रे?"

"न्हाई आजी. थोड्या दिवसांत मज्जा पुन्हा भरती."

"अन् दुखतंय का लई?"

"चार दिवस दुखलं. आता न्हाई," तो म्हणाला. "आणखी कुणाला इचारायचंय?"

मागच्या रांगेत इंद्रभाननं लेकाच्या नजरेला नजर दिली आणि हात वर केला.