गच्चीवरचं पद्मासन

नंदकिशोर पेंढारकरांना तुच्छ वाटत नाही अशी गोष्ट शोधायला निघालेला माणूस अजून पार्ल्यात परतलेला नाही. शेजारी बावळट, चहा पाणचट, आणि जुहूचा समुद्र तर, गुहागरच्या माणसानं बघूच नये असा.

फक्त कॅरम त्यांना मान्य होता. गणेशोत्सवातल्या सोसायटीच्या स्पर्धेत सतरा वर्षं पहिला नंबर. यंदा मात्र उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि राणी कुठली, सोंगटी कुठली, कळेना. ऑपरेशनला दोनदा गेले, दोनदा प्रेशर वाढलं म्हणून परत आले. दुसऱ्या खेपेला तर डॉक्टरांच्या डोक्यावरच्या टोपीची लायकी काढता काढता आकडा दोनशेला टेकला.

"आधी डोकं शांत करा," डॉक्टर म्हणाले, "मग डोळ्याचं बघू."

गणपतीला पाच आठवडे उरले होते. वसुधाताईंनी नवऱ्याला गच्चीवर ढकललं. तिथे सकाळी देवव्रत नावाचा तरुण सौम्य योग शिकवायचा. मान हळू वळवा. खांदे कानापर्यंत न्या, सोडा. घोटे गोल फिरवा. श्वास घेतलात त्याहून सावकाश बाहेर जाऊ द्या. मग भिंतीला टेकून पाच मिनिटं नुसतं बसा.

"रोज पाचच मिनिटं, काका. जास्त नको, पण खाडाही नको."

"हा योग?" नंदकिशोर फिस्कारले. "आमच्याकडे याला म्हाताऱ्यांची चुळबुळ म्हणतात. आमचे अंतूकाका ध्यानाला बसले की साळुंकी त्यांच्या जटेत अंडी घालायची. पिल्लं उडेपर्यंत काका हलत नसत!"

"आणि अंघोळ रे, नंदू?" शिवदासनं विचारलं. हा तळमजल्यावरचा, सतरा वर्षं दुसरा नंबर.

"पाऊस कशाला असतो, गाढवा?"

पाच मिनिटं डोळे मिटून नंदकिशोर सगळ्यांची उणीदुणी काढत. प्रेशर होतं तिथेच.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा संयम संपला. "तुमची पाच मिनिटं तुम्हाला लखलाभ," म्हणत त्यांनी दोन्ही पाय हातांनी ओढून मांड्यांवर चढवले आणि पद्मासनात तासभर बसले. वय अडुसष्ट. तासानंतर पाय सोडायला गेले, तर सुटेनात. दोघांनी ओढलं, तरी नाही. लिफ्टच्या दारात गुडघे मावेनात. शेवटी गच्चीच्या खोलीतला जुना कॅरमबोर्ड आणला, त्यावर त्यांना बसवलं आणि चौघांनी खांदा दिला.

"अरे, बोर्डावर कसले बसवता, नालायकांनो!"

जिन्यात कुणीतरी 'मोरया' ओरडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या निधीच्या सासूबाईंनी तर फुलंच वाहिली.

घरी आणून ठेवल्यावर देवव्रत समोर बसला. "जोर नको, काका. श्वास सोडताना फक्त अंगठा हलवा."

"तू मला शिकवणार? कालचं पो... आई गं!"

कुजकं बोललं की मांडी आवळायची, मांडी आवळली की गाठ घट्ट व्हायची. हे दोनदा अनुभवल्यावर नंदकिशोर जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. आधी अंगठा. मग घोटा. लांब श्वास बाहेर. शिवदास दारात दात काढत उभा होता, त्यालाही काही बोलले नाहीत. चाळीस मिनिटांनी पाय सुटले. तो कट्ट आवाज जुहूच्या भेळवाल्यांनी ऐकला म्हणतात.

वसुधाताईंनी तेवढ्यात प्रेशर मोजून घेतलं. एकशे तीस. त्यांनी यंत्र हलवून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून नंदकिशोर वेळेआधी गच्चीवर. "तो पोरगा काहीबाही शिकवतो. कुणीतरी लक्ष नको ठेवायला?" पण पाच मिनिटं तोंड बंद. एकही खाडा नाही. ऑपरेशन सुरळीत झालं. पट्टी निघाल्यावर आधी दिसली ती डॉक्टरांची टोपी. खरोखरच भिकार होती. नंदकिशोरांनी सावकाश श्वास सोडला.

अंतिम सामन्यात समोर शिवदास. बोर्डावर राणी आणि दोघांची एकेक सोंगटी.

"काय रे नंदू, योगानं फरक पडला म्हणे?"

"योगानं? हॅ! मोतीबिंदू काढल्यानं."

नंदकिशोरांनी स्ट्रायकर रेषेवर लावला. लांब श्वास बाहेर सोडला. मग राणी खिशात, पाठोपाठ सोंगटी.

टाळ्या पडल्या तरी बोर्डाखाली त्यांचा उजवा घोटा हळूहळू गोल फिरत होता. वसुधाताईंनी तो बघितला आणि पदर तोंडाला लावला.


"हसतेस काय?" नंदकिशोर खेकसले. "पायाला मुंग्या आल्यात."