सहावं व्हायोलिन

"न्हाई. हे बी न्हाई." बुद्धरत्नने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "ह्या व्हायोलिनवर कुणी गोधडी टाकल्यागत वाटायलंय. दुसरं लाव."

नागेशने माऊस हलवला. कमलनगरच्या बसस्टँडसमोर, त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागे ही रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना फोम, खिडकीला जाड पडदा, तरी औरादच्या जीपवाल्यांच्या हाका आत यायच्याच. सकाळपासून दोघं कॉम्प्युटरमधली वाद्यं निवडत बसले होते. खरा पियानो, खरा ऑर्गन आणि व्हायोलिनवाल्यांचा ताफा कमलनगरात कुठून आणणार? म्हणून नागेशने महिनाभर वापरून बघता येणारे पाच-सहा संच उतरवून घेतले होते. कुठल्या तरी लांबच्या देशात खऱ्या वाद्याचा एकेक सूर वाजवून साठवलेला. इथे कीबोर्डची पट्टी दाबली की तोच सूर उमटायचा.

पियानो लवकर ठरला. पट्टी सोडताना लाकडाचा हलका ठोका ज्यात ऐकू यायचा तो बुद्धरत्नने उचलला. ऑर्गनमध्ये चर्चचे दोन्ही मोठे आवाज त्याने नाकारले. "अक्का एका कोपऱ्यात बसून गायल्यागत वाटंल," म्हणाला. छातीत घुमणारा, पण गाण्यावर न बसणारा तिसरा ऑर्गन त्याने घेतला. गाडी अडली ती व्हायोलिनपाशी.

आणि वेळ नव्हता. या अक्का, म्हणजे सावित्रीबाई, बुधवारी लेकाकडे पुण्याला जाणार होत्या, कायमच्या. सत्तरी ओलांडलेल्या या बाईने वस्तीवस्तीत, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या नामकरणात, कुणाच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनात चाळीस वर्षं स्वतः बांधलेली गाणी गायली होती. त्यातलं एकही कुठं नोंदलेलं नव्हतं. सात गाणी मागच्या दोन रविवारी झाली. राहिलं होतं ते आठवं, पंचेचाळिसाव्या वर्षी सही करायला शिकल्यावर त्यांनी रचलेलं.

सहावं व्हायोलिन वाजलं. बुद्धरत्नने त्याची धार, म्हणजे वरच्या सुरांचा जोर, वाढवली, आणखी वाढवली.

"हां! आता तार बोलायली."

नागेशने डोळे बारीक केले. "मास्तर, टोचायलंय जरा."

"तुझ्या कानाला खऱ्या तारेची सवय न्हाई."

नागेशने ते मान्य केलं. बुद्धरत्नचा कान पंचक्रोशीत नावाजलेला. रस्त्यानं जाता जाता आतल्या पेटीचा कुठला सूर उतरलाय हे सांगणारा माणूस तो. नागेशला कीबोर्ड त्यानेच शिकवला होता. आठवडाभर कोळारच्या एका कारखान्यात काम आणि रविवारी गाणं, असं त्याचं एकोणीस वर्षं चाललं होतं. कारखान्यात त्याची जागा कॉम्प्रेसरजवळ. बाकीचे कानात कापसाचे बोळे घालायचे, याने कधी घातले नाहीत. "मशीन बी एका सुरात असतंय, ऐका की," असं त्यांनाच सांगायचा.

दुपारी सावित्रीबाई काठी टेकत आल्या. पाणी प्यायल्या, खुर्चीत बसल्या. बुद्धरत्नने उत्साहाने स्पीकर सुरू केले. चार ओळी झाल्या नाहीत तोच त्यांनी हात वर केला.

"बुद्धा, हे कामून चिरकायलंय? दाताखाली खडा आल्यागत होतंय बघ."

"अक्का, व्हायोलिन असंच असतंय."

"असतंय का? उदगीरला नाटकात ऐकलेली मी. तवा न्हाई असं झालं."

"तुमच्या वेळचं निराळं!" त्याचा आवाज चढला. सावित्रीबाईंशी तो असा कधी बोलला नव्हता. "मला शिकवू नगा, अक्का. गाणं तुमचं हाय, तार माझी हाय."

कुणी काही बोलायच्या आत लाइट गेली. पंखा मंदावत थांबला. कॉम्प्युटर तेवढा टेबलाखालच्या बॅटरीच्या डब्यावर चालू राहिला.

"मास्तर, सेव्ह करून टाका, लगेच!" नागेश दाराकडून ओरडला. "डबा बोंबलायलाय, बॅटरी टिकत न्हाई त्याची."

"कोण बोंबलायलंय?"

"डबा की."

बुद्धरत्नने मान वाकडी केली. खोली गप्प होती. बाहेरून जीपचं इंजिन ऐकू आलं, कुणाचं खोकणं ऐकू आलं. डबा गप्पच.

"एवढं टीं टीं करायलंय की रे," सावित्रीबाई म्हणाल्या. "बंद कर बाई ते, डोस्कं उठलं."

तो टेबलाखाली वाकला. लाल दिवा उघडझाप करत होता. त्याने डावा कान डब्याला लावला. मग उजवा. पत्रा गार लागला, एवढंच.

तो उठला तेव्हा दोघं त्याच्याकडे बघत होते. नागेशने नजर काढून घेतली. बुद्धरत्नने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला.

तो स्टँडला वळसा घालून रेल्वे फाटकापर्यंत गेला, तिथून परत, पुन्हा फाटकापर्यंत. पाय थांबत नव्हते. बायको, मंगल, वर्षभर म्हणत होती, टीव्ही एवढा मोठा कामून लावता. यंदा रातकिडे कमी झालेत असं तोच तिला म्हणाला होता, औषधं मारून मारून मेले असतील म्हणून. तेव्हा तिने त्याच्याकडे कसं पाहिलं होतं ते आता आठवलं. आणि मागच्या दोन रविवारची सात गाणी? त्यातल्या झांजा, घुंगरू, सगळ्यांचा आवाज त्यानेच चढवलेला. घामाने सदरा पाठीला चिकटला. अक्कांची उभ्या जन्माची गाणी आपण टोचरी करून ठेवली, हा विचार त्याला एका जागी उभा राहू देईना. कोळारची एसटी समोर लागली होती. बसून निघून जावं, असंही क्षणभर वाटलं. गाडी सुटली, त्याने तिला जाऊ दिलं.

तो परतला तेव्हा लाइट आली होती. सावित्रीबाई तशाच बसल्या होत्या.

"अक्का," तो दारातूनच म्हणाला, "वरच्या पट्टीचं ऐकू यायलं न्हाई मला. कधीपासनं, ते बी ठाव न्हाई. मघाशी बोललो ते चुकलं."

सावित्रीबाईंनी त्याला न्याहाळलं. "खालचं येतंय?"

"येतंय."

"मग बस. मी सांगते, तू वाजव."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आता बुद्धरत्न फक्त त्याला कळणारं तपासत होता: गज तारेवर टेकताना कसा टेकतोय, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो की उडी मारतो. धारेचं अक्का सांगायच्या. पहिलं त्याने काढून टाकलं, घसरत नव्हतं. दुसऱ्याला अक्कांनी मान डोलावली.

"हे. ह्यात माणूस हाय."

सकाळी हेच त्याने अर्धा मिनिटही वाजू दिलं नव्हतं.

"धार किती ठेवू?"

"घाल. आणखी घाल. बस्स."

त्याच्या कानाला ते अजूनही गोधडीखालचंच होतं. त्याने तिथून काटा हलवला नाही.

"नागेश, मागच्या सात गाण्यांतल्या झांजा आणि घुंगरूंचा आवाज तू खाली घे. तुझ्या कानानं. मला विचारू नगंस."

"व्हय, मास्तर." नागेशने ते कागदावर टिपून घेतलं.

मग सावित्रीबाई गायला लागल्या. गळा थकलेला होता, पण शब्द ठाम पडत होते. 'अंगठ्याची शाई पुसली गं माय, कागदावर माझं नाव उभं राहिलं.' बुद्धरत्न डाव्या हाताने ऑर्गन भरत होता, उजव्याने व्हायोलिन. शेवटची ओळ संपली. तिच्यामागे व्हायोलिनचा एकच वरचा सूर राहणार होता, बारीक बारीक होत विरणारा.

त्याच्यासाठी तो केव्हाच विरला. खोलीत काहीच उरलं नाही. पण समोर सावित्रीबाईंचे डोळे मिटलेले होते, मान किंचित कललेली होती. सूर चालू होता तर. बुद्धरत्नने पट्टीवरचं बोट हलू दिलं नाही. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्याने बोट उचललं.